धूर आमच्या वाट्याला, मदत दुसऱ्यांच्या

आज वर्तमानपत्रात एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र पाहिले आणि संताप आवरला नाही. दूरच्या राज्यातील पूरग्रस्तांसाठी कोट्यवधींचा धनादेश देताना सगळे प्रसन्न चेहऱ्याने उभे आहेत. त्याच कंपनीच्या सिमेंट कारखान्याचे धुराडे चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातील आमच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, शेतातून दिसते.

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला पूर आला, राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद पडला आणि पाणी ओसरले तेव्हा मोठ्या बाबांच्या कपाशीबरोबर वरची काळी मातीही वाहून गेली होती. खरडलेल्या शेतात गाळ टाकून द्यावा, एवढीच विनंती घेऊन ते कारखान्यात गेले. अर्ज फाटकावरच ठेवून घेतला गेला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, आणि त्यात आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तेच कलम सांगते. मात्र हे प्राधान्य बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयानेच २०२१ मध्ये केला. चुनखडी आमची, पाणी आमचे, आणि निर्णय मात्र महानगरातल्या कार्यालयात!

केरळचा २०१८ चा आणि सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर भीषण होता, तिथे मदत जायलाच हवी होती, हे मान्य. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे बुडवली, तेव्हा हा दानशूरपणा कुठे होता? आमच्याकडे पाणी उतरले की कॅमेरे निघून जातात आणि मागे उरलेल्या मुरमाड शेताचे छायाचित्र कुणालाही नको असते.

मोठ्या बाबांनी मात्र कधी कुणाला दोष दिला नाही. "जाऊ दे बापू, त्यांचीबी काही अडचण असन," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या या समजूतदारपणाने मला गहिवरून येते. आणि याच समजूतदारपणाच्या भरवशावर आम्हाला गृहीत धरले जाते, हे आठवले की पुन्हा चीड येते.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. कारखान्याने निधीचा ठरावीक भाग दर पावसाळ्यापूर्वीच नदीकाठच्या गावांसाठी राखून ठेवावा आणि त्यातून सर्वांत आधी खरडलेल्या जमिनींचे काम करावे. नदीकाठच्या इतर गावांनीही असा ठराव घ्यावा. मसुदा हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा.