डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय? मग हे वाचाच

सगळ्यात आधी, घाबरू नका. चिठ्ठीवर औषधांच्या खाली, शेवटच्या ओळीत 'मीठ कमी' असं खरडलेलं असतं. ते गोळ्यांइतकं मनावर घ्यायचं नसतं. गोळीला पैसे मोजलेले असतात म्हणून ती न विसरता घेतली जाते. मीठ कमी करणं फुकट आहे, तेव्हा त्यात काय राम असणार? तरी घरचे मागे लागतात. त्यांना कसं परतवायचं तेवढं मी सांगतो. या कामाचा मला सहा वर्षांचा अनुभव आहे आणि बीपी पहिल्या दिवशी होतं तिथंच आहे.

सुरुवात एका वाक्याने करा: "मी वरून मीठ घेतच नाही." जेवायला बसल्या बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. मग निवांतपणे ताटाच्या डाव्या बाजूला वळा. तिथलं लोणचं, ठेचा, तळलेली सांडगी मिरची आणि पापड यांना मीठ म्हणत नाहीत, तोंडीलावणं म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी पातेल्याच्या तळाशी वाडगाभर खार जमलेला असतो, हे आपण दर मे महिन्यात बघतो. मिठाची आणि पाण्याची अशी जानी दोस्ती. अंगात मीठ जास्त झालं की ते तिथंही पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि नळ्यांवर दाब येतो. पण लोणचं घालताना शरीरशास्त्र आठवत बसलं तर खार बिघडतो. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार, आणि तोही सोडियमचाच. ढोकळ्यातला खायचा सोडासुद्धा त्याच घराण्यातला. पावात मीठ आहे, गोड बिस्किटातही आहे. बिस्किटाच्या पुड्यामागे सोडियमचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. चष्मा कपाटात ठेवा.

एवढ्यावर भागलं नाही तर विज्ञान काढा. हल्ली विज्ञानाशिवाय मीठसुद्धा खाता येत नाही.

'प्युअर' हे नाव पाठ करा. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली आले. १७ देशांतली एक लाखावर माणसं तपासली, तेव्हा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम पोटात जाणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा सगळ्यात कमी धोका दिसला. त्याहून जास्त खाणाऱ्यांचं वाईट, आणि कमी खाणाऱ्यांचंही वाईट! आता इथे जरा हातचलाखी लागते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ग्रॅमपेक्षा कमी, पण ते मीठ. प्युअरवाले म्हणतात ३ ते ६ ग्रॅम, पण ते सोडियम. ५ ग्रॅम मिठात सोडियम असतं २ ग्रॅम. म्हणजे ३ ते ६ ग्रॅम सोडियमचं मीठ झालं साडेसात ते १५ ग्रॅम. गरजेप्रमाणे कधी हा आकडा फेका, कधी तो. समोरचा गणितात कच्चा असेल तर तुमची भाजी खारट राहते.

यावर कोणी म्हणेल, की त्या अभ्यासात एकेका माणसाच्या सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून दिवसाच्या मिठाचा अंदाज बांधला होता. शिवाय आधीच आजारी असलेली माणसं जेवतातच कमी, म्हणून त्यांचं मीठ कमी भरतं. ऐकून घ्या आणि "वाद आहे बुवा" म्हणा. वाद खराच आहे. फक्त तो खालच्या टोकाचा आहे: ५ ग्रॅमपर्यंत उतरावं का साडेसातवर थांबलं तरी चालेल, एवढाच. वरच्या टोकाला, भरपूर मीठ आणि त्यात चढलेलं बीपी अशा माणसांनी ते कमी करावं, हे प्युअरवालेही म्हणतात. आपण नेमके त्याच टोकाला बसलोय, ही गोष्ट मात्र घरात बोलू नका.

उंदरांचा दाखला चहाबरोबर छान खपतो. अमेरिकेत लुईस डाल नावाच्या संशोधकाने उंदरांच्या दोन जाती मुद्दाम पैदा केल्या होत्या. एका जातीचा दाब मिठाने चढायचा, दुसरीवर फारसा परिणाम व्हायचा नाही. माणसांतही दोन्ही प्रकारचे लोक असतात. आपण कुठले, हे सांगणारी सोपी तपासणी दवाखान्यात मिळत नाही. त्यामुळे आपण दुसऱ्या जातीचे, हे बिनदिक्कत ठरवून टाकावं. मी ठरवलंय.

चीनमधला २०२१ चा अभ्यास मात्र टाळा. ६०० खेडी, जवळजवळ २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला किंवा साठीपुढचं वय आणि बीपी. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. पाचेक वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. फारच अंगाशी आलं तर "त्यात श्रेय पोटॅशियमचं किती?" असं विचारा. प्रश्न चांगला आहे आणि जेवण होईपर्यंत पुरतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते मीठ चालत नाही, हेही सांगा, कारण ते खरंच आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसंच नावडत्या अभ्यासाचंही.

पुढचा हुकमी पत्ता म्हणजे "सोडियम उतरलं." प्रत्येक सोसायटीत एक काकू असतात, ज्यांनी मीठ पार सोडलं आणि एका सकाळी त्यांना स्वतःच्या सुनेचं नाव आठवेना. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. आमच्याही खालच्या मजल्यावर झालं. त्यांना बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती आणि वयस्कर माणसांत सोडियम उतरण्यामागे पुष्कळदा तीच असते, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं. ते आम्ही कोणी लक्षात ठेवलं नाही. काकू आणि मीठ एवढंच ठेवलं. त्या हप्त्यात तीन घरांत खारे दाणे आले.

घरात फारच आरोग्याचं वारं शिरलं तर शेंदेलोण आणा. गुलाबी रंगाचं, हिमालयाचं नाव लावलेलं. ते बहुतेक करून पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतून निघतं आणि हिमालय तिथून बराच लांब राहतो. त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, खनिजं नावापुरती, आणि गलगंड टाळण्यासाठी पांढऱ्या मिठात घातलेलं आयोडीन यात सहसा नसतं. पण बरणी ओट्यावर दिसते फार सुरेख. उपासाला चालतं म्हणजे पथ्यालाही चालणारच.

आजोबांचं उदाहरण शेवटी. सुके बोंबील आणि मीठभाकर खाऊन ब्याण्णव वर्षं जगले. दिवसभर नांगरामागे घाम गाळायचे, ते वगळून सांगा. आपला घाम एसीच्या रिमोटची बॅटरी गेली की येतो.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगतो, तुम्ही करू नका. मुलीने हिशोब मांडला: चार माणसं, माणशी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. मी उत्साहाने नव्या पुड्यावर स्केचपेनने तारीख घातली. पुडा सव्विसाव्या दिवशी संपला. मी म्हटलं पाहुणे आले होते, भाताचं पाणी काढून टाकतो, कपबशांचे डाग मिठाने घासले, शिवाय दृष्ट काढायलाही लागतंच. मुलीने ते सगळं वजा करून दिलं आणि मग लोणच्याच्या बरणीकडे बघत विचारलं, "आणि ह्याचं कुठल्या पुड्यात धरायचं?"

तर नवा पुडा आणला की दारातच कात्रीने फोडा, मीठ बरणीत ओता आणि पिशवी लगेच केराच्या डब्यात टाका. जुनं संपायच्या आधीच, वरून.