29 फेब्रुवारी 2000 ही तारीख खरीच आहे

यवतमाळकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: "2000 ला 100 ने भाग जातो, म्हणून ते लीप वर्ष नव्हतं. 29 फेब्रुवारी 2000 चा जन्म असेल त्यांनी दाखल्यावरची तारीख बदलून घ्या, नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरला जाणार नाही." हे चूक आहे. कोणी दाखल्याला हात लावू नका बाप्पा!

नियम अर्धाच सांगितलाय. 100 ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण 400 ने भाग गेला तर असतं. म्हणून 1900 लीप नव्हतं, 2000 होतं, 2100 नसेल.

मग सेतू केंद्रावर ऑनलाइन फॉर्म भरताना या तारखेला चुकीची लाल अक्षरं काहून आली? शेजारच्या पोरीचा फॉर्म मी स्वतः भरून पाहिला. 2000 ची 28 घेतो, 29 घेत नाही. 2004 ची 29 मात्र मुकाट घेतो. कोड लिहिणारा 400 ची अट विसरलाय, दुसरं काय! माझं पोट याच कामावर आहे, म्हणून सांगतो: हा हिशेब हातानं लिहायचाच नसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं तारखांचं तयार साधन, डेटटाइम, 2000 ची 29 घेतं, 1900 ची नाकारतं.

उलटी गंमतही होते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेला आकड्यांत 30 फेब्रुवारी 2023 द्या, ते गुपचूप 2 मार्च करून मोकळं होतं. म्हणून तयार झालेली तारीख भरलेल्या आकड्यांशी परत ताडून पाहावी लागते.

तोवर 28 टाकून वेळ मारून नेऊ नका, दाखल्याशी जुळणार नाही. स्क्रीनशॉट मला पाठवा, फॉर्मवाल्यांना मी लिहितोय.