उंदीर, तीळ आणि पोपटची गोळी

विलास आला तोच मोबाइल नाचवत. नाशिकच्या गंगापूर रोडच्या टपरीवर रविवारी आम्ही जमतो, सगळे एकाच शाळेतले, एकाच वर्गातले. आता सगळेच साठीच्या आसपास, फक्त पोपट मानत नाही.

"हे काय?" दत्तूने चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

"उंदीर. नातीच्या वर्गात व्हॅलेंटाइनला वाटायला. हर्शीच्या दोन किसेस, त्या टोकदार चॉकलेटच्या गोळ्या, बुडाला बूड लावून चिकटवायच्या. एक टोक नाक, दुसऱ्या टोकाला दोरा म्हणजे शेपूट, मध्ये कागदाचे बदामाच्या आकाराचे कान. न्यू जर्सीत काल संध्याकाळ, आपली पहाट. लेक कापत होती, नात चिकटवत होती, मी इकडून सूचना देत होतो."

"तू? सूचना?" मेघना म्हणाली. "तुझं मखर दरवर्षी डावीकडे कलतं."

पोपट खाकरला. पोपट खाकरला की चहावाला रेडिओचा आवाज वाढवतो. "उंदीर हे गणपतीचं वाहन. त्याला व्हॅलेंटाइनला जुंपलंत? ही प्रेमिकांची थेरं, त्यात दुसरीतली पोरं?"

"तिकडे शाळेतल्या पोरांचं वेगळं असतं रे. नातीच्या बाईंनी वर्गाची यादीच पाठवली. बावीस नावं. दिलं तर सगळ्यांना द्यायचं, एकालाही वगळायचं नाही. बुटाच्या खोक्याला कागद लावून प्रत्येकाची टपालपेटी."

"यादीचा नियम चांगला आहे," मेघना म्हणाली. ती बालवाडी चालवते, त्यामुळे या विषयात बाकीच्यांनी गप्प बसावं असं माझं मत. पण कट्ट्यावर माझ्या मताला कोण विचारतो?

विलासची खरी कहाणी पुढेच होती. संक्रांत नुकतीच झालेली, म्हणून लेकीने प्रत्येक पुडीत एकेक तिळाची वडी टाकायची ठरवली होती. शाळेनं नको म्हणून कळवलं. घरी केलेलं खाणं नाही, दाणे नाहीत आणि तीळ तर नाहीच. अमेरिकेत २०२३च्या जानेवारीपासून तीळ ॲलर्जीच्या मुख्य यादीत नववा आहे, वेष्टनावर छापावाच लागतो.

"तिळाचा अपमान!" पोपट बाकावरून उठलाच. "हजारो वर्षांची परंपरा..."

"बस खाली. चिक्की खाऊन माझ्याकडच्या एका पोराचे ओठ सुजले होते, रिक्षा मिळेपर्यंत माझा जीव गेला होता. आधी श्वास, मग संस्कृती."

पोपट बसला. पण मेघनाने लगेच विलासलाही धरलं. "म्हणजे घरी केलेलं काय? नुसता कागद. आत गोळी कारखान्याची, सीलबंद. आमच्या आईनं माझ्या धाकट्याच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने केले होते. मंद शेगडीवर परात, तिळावर चमचा-चमचा पाक, बोटांनी सारखं फिरवायचं. काटा यायला दोन-तीन दिवस. हवा दमट झाली की सगळं मुसळ केरात. तिची बोटं पोळलेली असायची. ते घरचं!"

"आणि ते तू स्वतः कधी केलंस?" दत्तू.

"कधीच नाही. मला बोटं हवी होती."

दत्तूचा किराण्याचा ठोक धंदा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत माल दिसतो. तिकडच्या त्या अक्षरं छापलेल्या, बदामाच्या आकाराच्या गोळ्या, स्वीटहार्ट्स, त्यांचा इतिहास त्याला पाठ. १८६६ मध्ये चेस नावाच्या माणसानं गोळीवर अक्षरं छापायची युक्ती काढली. २०१८ ला त्या बनवणाऱ्या नेको कंपनीचा बॉस्टनजवळचा कारखाना बंद पडला आणि पुढच्या फेब्रुवारीत ताजा माल आलाच नाही. "आणि इथे बघा, आपल्या जिल्ह्यातलं रावळगाव. पान पसंद, मँगो मूड, सगळी नावं २०२४ ला रिलायन्सनं सत्तावीस कोटींत घेतली. सत्तावीस! एवढ्यात गंगापूर रोडला..." पुढे प्लॉटचे भाव सुरू झाले. ते इथे देत नाही, वाचणाऱ्याचा रविवार खराब होईल.

विलास मात्र कागदावरच अडकला होता. "नुसता कागद नाही गं. बावीस नावं नातीनं स्वतः लिहिली. एक पोरगा तिला चिमटे काढतो. त्याचं नाव लिहिताना रडली. म्हणाली, याला नको. पण लिहिलं. वर त्याच्या उंदराला शेपूट जरा आखूड लावली."

मेघना पहिल्यांदाच हसली. "मग हे घरचं. कबूल."

एवढ्यावर विषय मिटला असता, पण पोपट! "तरी आपल्याकडे पोरांना गोळ्या वाटायची असली फॅडं नव्हती."

"बोरन्हाणात तुझ्या डोक्यावर काय ओतलं होतं? लिंबाचा पाला?"

"ते वेगळं."

"आणि १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारा म्हणाले होते, तेही वेगळं?"

आता सगळे सरसावले. प्राणी कल्याण मंडळाचं ते २०२३ चं आवाहन चार दिवसांत मागे घेतलं गेलं, पण आमचा पोपट पहिल्याच दिवशी मेहुण्याच्या गोठ्यात सरावाला गेला होता. गायीला सराव मान्य नव्हता. आठवडाभर तो या टपरीवर उभ्यानं चहा प्यायला.

"पाय घसरला होता," पोपट म्हणाला.

"कोणाचा? गायीचा?"

हशा ओसरल्यावर विलासने हळूच जुनं गाठोडं सोडलं. "पोपट्या, पाचवीत तुझ्या वाढदिवसाला तू वर्गात रावळगावच्या गोळ्या वाटल्या होत्यास. मला दिली नव्हतीस."

"संपल्या होत्या रे."

"माझ्या आधी बरोब्बर संपल्या?"

"मोजून आणल्या होत्या आईनं. एक कमी पडली, त्याला मी काय करणार?"

मेघनानं कप खाली ठेवला. "मला दोन दिल्या होत्यास."

दत्तूच्या तोंडातला चहा विलासच्या मोबाइलवर, उंदरावर. पोपटचे कान असे लाल झाले, की चहावाल्यानंसुद्धा रेडिओ बंद केला, नीट ऐकायला. मेघनाचे यजमान समोरच्या दुकानातून पेपर घेऊन येत होते, त्यांनी विचारलं, "काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही भावजी," पोपट घाईनं पाकीट काढत म्हणाला, "आज सगळ्यांची मिसळ माझ्याकडून."

"मला दोन प्लेट," विलास म्हणाला.