‘चलती का नाम गाडी’ची डीव्हीडी : रावेरच्या ताईंच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा आणि खालचा मजकूर परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. वडिलांच्या वाढदिवसासाठी रावेरहून मुद्दाम भुसावळला येऊन तुम्ही आमच्याकडून ही डीव्हीडी नेलीत. घरी लावल्यावर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, चित्र रंगीत नाही, होम थिएटर असून आवाज समोरूनच येतो, आणि शेवटचा भाग चौकोन चौकोन दिसून अडकला. परत घेऊन आलात तर काउंटरवरच्या मुलानं ‘सील फोडलं की माल परत होत नाही’ असं सांगून पाठवलं. म्हणून तुम्ही ‘नकली माल’ असं लिहिलंत.

डिस्क अडकली ही चूक आमची. त्याच खोक्यातल्या उरलेल्या दोन मी काल रात्री पूर्ण लावून बघितल्या. एक सरळ चालली. दुसरी तुमच्यासारखीच शेवटाकडे अडकली. काढून काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली, तर एका कडेखालून पोस्टकार्ड सहज सरकत होतं. हे खोकं मे महिनाभर माळ्यावर पत्र्याखाली पडून होतं, आणि इकडचा मे कसा असतो ते रावेरच्या माणसाला मी काय सांगणार. डिस्क आतून बाहेरच्या बाजूला वाचली जाते. कड वाकली की शेवटचाच भाग जातो. सुरुवातीची गाणी म्हणूनच तुम्हाला स्वच्छ दिसली.

आणि नेमका तोच भाग जावा याचं मला फार वाईट वाटलं. थोरला भाऊ, म्हणजे अशोककुमार, बायकांच्या नावानं एवढा का भडकतो, गॅरेजमध्ये बाईचा फोटोसुद्धा का चालत नाही, ते सगळं तिथे उलगडतं. तुम्ही ‘गोष्ट अर्धवटच वाटली’ असं लिहिलंय. ती तशी नाही ताई, आमच्या डिस्कनं तुम्हाला अर्धवट दाखवली.

मुलावर राग धरू नका. नियम माझा होता, तो फक्त बोलला. नियम आजपासून बंद. जुन्या चित्रपटाची डिस्क आता गिऱ्हाइकासमोर उघडून, सुरुवात, मध्य आणि शेवट लावून दाखवूनच देऊ.

नकली मात्र नाही. माझ्या वडिलांनी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली तेव्हापासून थिएटरमध्ये कॅमेरा लावून काढलेली प्रिंट आमच्या फळीवर आलेली नाही. त्यापायी गिऱ्हाईक तोडलं, पण ठेवली नाही. तो शब्द वाचून वडील जेवले नाहीत, एवढं सांगतो.

आता काळ्या पट्ट्या. ही फिल्म १९५८ ची. तेव्हाची चौकट चौकोनाच्या जवळची, उंची १ तर रुंदी १.३७. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट, १९५९ चा. तुमचा टीव्ही १६:९ चा आडवा, म्हणून बाजूला जागा उरते. पट्ट्या आहेत म्हणजे चित्र पूर्ण आहे. पडदा भरायला गेलात तर दोनच रस्ते. चित्र आडवं ताणलं की मधुबालाचा चेहरा फुगलेला दिसतो. झूम केलं की वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं. रात्रीच्या पावसात ती भिजून गॅरेजमध्ये येते, किशोरकुमार गाडी दुरुस्त करता करता हातातल्या हत्यारांवरच ताल धरतो, त्या प्रसंगात चेहरा आणि हात दोन्ही एकदम दिसायला हवेत. पाव चित्र गेलं तर त्यात उरलं काय?

रंगाचंही तेच. ‘मुगल-ए-आझम’ २००४ ला, ‘नया दौर’ २००७ ला, ‘हम दोनों’ २०११ ला रंगीत करून पुन्हा लागले. ते मागणारे येतात, आम्ही देतो. पण ही ब्लॅक अँड व्हाइटमध्येच काढलेली आहे. अंधारं गॅरेज, एक दिवा आणि ओल्या केसांवर पडलेला उजेड, मला तरी त्यात रंगाची उणीव कधी जाणवली नाही. कव्हरवर रंगीत फोटो असतो, त्यानं फसगत होते, हे मान्य. काउंटरवर तोंडानं सांगायला हवं होतं.

आवाज मोनो आहे, सगळा एकाच धारेतला. होम थिएटरचा सराउंड बंद करून साधा स्टिरिओ ठेवा. मागचे स्पीकर त्यात उगाच पोकळपणा घालतात. मग एस. डी. बर्मनचा ठेका आणि ‘बाबू समझो इशारे’मधले किशोर आणि मन्ना डे असे वेगवेगळे ऐकू येतील की तुमचे वडील खूश होतील.

तुमचे वडील या फिल्मसाठी का हट्ट धरतात ते मला कळतं. रावेरहून गाडीत बसलं की बुऱ्हाणपूर, पुढे खंडवा. किशोरकुमार ४ ऑगस्ट १९२९ ला तिथलाच जन्मला, १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेला आणि शेवटी त्याला खंडव्यालाच आणलं. आमची जुनी गिऱ्हाइकं त्याला ‘आपल्या बाजूचा’ म्हणतात. अशोक, अनूप आणि किशोर हे तिघं सख्खे भाऊ एकत्र, त्यातही भावांचीच कामं करणारे, ते बघायला माणूस रावेरहून भुसावळला येतो यात मला नवल वाटत नाही.

काल सरळ चाललेली डिस्क तुमच्या नावानं बाजूला ठेवली आहे. तुम्ही पुन्हा येऊ नका. आमचा माणूस रविवारी रावेरला येतोय, तो घरी आणून देईल, पैसेही परत करेल, दोन्ही घ्या. बिल हरवलं असलं तरी चालेल. त्याला दहा मिनिटं बसवून घ्या, टीव्हीची सेटिंग ४:३ वर, म्हणजे जुन्या चौकोनी चित्राच्या मापावर, तो लावून देईल आणि शेवटचा भाग वडिलांसमोर चालवून मगच निघेल.