खुलासा: फ्लाय फिशिंगला ‘लाइन कुठलीही चालते’ हे खरं नाही

मुंबईतल्या गळवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ट्राउटसाठी ८ नंबरचा रॉड आणि महागातलं रील घ्या, लाइन कुठलीही चालते.’ ट्राउट हा थंड पाण्यातला मासा; तो धरायला हिमाचलला निघालेल्या माझ्या दोन मित्रांनी तो वाचून खरेदीही केली, म्हणून लिहितोय.

आहे नेमकं उलट. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे हुकाला बांधलेली पिसं, तिला वजन जवळजवळ नाहीच. तिला पुढे नेते ती जाड लाइन, म्हणजे रॉडवरची खास दोरी. नंबर असतो तो या लाइनच्या वजनाचा: नंबर मोठा तितकी लाइन जड, आणि रॉडही त्याच नंबरचा. ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं. शिवाजी पार्कात फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून पाहिलं: नायलॉनची दोरी पायाशीच गोळा झाली, ५ नंबरची लाइन सरळ पुढे जाऊन पडली.

ट्राउटला, किंवा अमेरिकेतल्या ब्लूगिलसारख्या तळहाताएवढ्या माशांना, ४-५ नंबरचा साडेआठ-नऊ फुटी रॉड पुरतो. लाइन त्याच नंबरची, तरंगणारी. एवढ्याशा माशाला रील लागतं ते मुख्यतः लाइन गुंडाळायला, तिथे स्वस्तातलं चालेल. वाचलेले पैसे लाइनवर घाला. ८ नंबर मोठ्या, जड माशांसाठी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.