नवीन गाडीचे ब्रेक वाजतायत? "नॉर्मल आहे" ऐकून घरी येऊ नका

गणपतीच्या चार दिवस आधी नवीन गाडी दारात आली आणि गौरी जाईपर्यंत आमच्या वाडीतल्या पोरांना गाडी न बघताच कळायला लागलं की मी घरी आले. वळणावर ब्रेकवर जरा पाय ठेवला की चींऽऽ अशी बारीक लांब शिट्टी. जोरात दाबला तर नाही, हायवेला नाही, फक्त स्पीड वीसच्या खाली आला आणि हलका ब्रेक लावला की. नव्या कोऱ्या गाडीचा असा आवाज ऐकला की पोटात कसंतरी होतं, कर्ज काढून घेतलेली असते हो ती.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले (चिपळूणजवळच आहे, नाव घेत नाही) तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला, मॅडम नवीन गाडीत नॉर्मल असतं, पॅड बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर होऊ देत. वर विचारलं, मिस्टर नाही आले का? मी काही बोलले नाही, परत आले. आता वाटतं तिथेच बोलायला हवं होतं.

कारण तो म्हणाला ते अर्धं खरं आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे; हे नवीन पॅड आणि नवीन डिस्क एकमेकांना धरून बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात आणि तोवर थोडाफार आवाज येऊ शकतो. शिट्टी म्हणजे काय, तर पॅड डिस्कला पूर्ण न चिकटता सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि डिस्क घंटेसारखी वाजते. पण माझे चौदाशे झाले तरी आवाज तसाच. दुसऱ्यांदा गेले तर ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून गाडी धुवून दिली, तीन दिवस एकदम शांत, चौथ्या दिवशी पुन्हा चालू. जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलं होतं माहितीये? "ब्रेक क्लीनिंग, ओके". चाक काढलंच नव्हतं!

मग बहादूरशेख नाक्याजवळ एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "मी उघडली तर उद्या ते वॉरंटीवर बोट ठेवतील, तू कंपनीतच उघडायला लाव. पण आधी मला सांग, आवाज पाय ठेवल्यावर येतो की पाय काढल्यावरपण?" मी एवढे दिवस ती गाडी चालवत होते आणि हे कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. काच खाली करून, एसी-गाणी बंद करून भिंतीच्या कडेने हळू गाडी नेली तर पाय काढल्यावरसुद्धा डावीकडून हलकं घासल्यासारखं येत होतं. चाचा म्हणाले आता आठ-दहा किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जाऊन ये, ब्रेक होईल तेवढा कमी वापर, आल्यावर चाकाजवळ हात ने. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल, रिमच्या जवळ नुसता तळवा धरायचा, आणि पुढचं डावं पुढच्या उजव्याशीच ताडून बघायचं, पुढचं मागच्याशी नाही, कारण बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि ते जास्त तापणारच. केलं तसं. उजव्या चाकाशी कोमट, डाव्या चाकाशी सरळ चुलीजवळ हात धरल्यासारखी धग.

म्हणजे डावा ब्रेक पाय काढल्यावर सुटतच नव्हता.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करून नेला होता आणि जॉब कार्डवर माझ्या शब्दांत लिहून घेतलं: पुढचं डावं चाक, वीसच्या खाली हलक्या ब्रेकला शिट्टी, पाय काढल्यावर घासतं, चाक जास्त तापतं, चाक उघडून मला दाखवावे. हे लिहिल्यावर माणसं वेगळं वागतात, खरंच. टेक्निशियन पोरगा शेजारी बसून एक चक्कर मारून आला आणि येताच म्हणाला, मॅडम घासतंय हो.

चाक काढलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उचलला. या साध्या कॅलिपरला दोन पिना असतात, त्यांच्यावर तो आतबाहेर सरकतो आणि डिस्क दोन्ही बाजूंनी सारखी धरतो. खालची पिन कोरडी ठाक, ग्रीस जवळपास नाहीच, हाताने हलेना. पॅड ज्या पट्ट्यांत बसतात तिथे तांबूस गंज फुगलेला. आतल्या पॅडवर आठ मिलिमीटर माल शिल्लक, बाहेरच्यावर जवळपास दहा, आणि आतल्याच्या तोंडावर काचेसारखी चमक. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड मात्र सारखे. मी स्वतः बोट फिरवून बघितलं.

नव्या गाडीत गंज कसा? आरसी काढून बघितली, त्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. मे. गाडी मला मिळाली सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्या कोकणातला अख्खा पावसाळा ती कुठल्यातरी यार्डात उघड्यावर उभी असणार. डिस्क बिडाची असते, पाणी लागलं की काही तासांत तिच्यावर गंजाचा थर येतो. तो चालू गाडीत चार ब्रेक मारले की पुसला जातो, त्याची काळजी नको, पावसात सकाळी येणारी खर्रर्र तीच. पण महिनोनमहिने उभ्या गाडीत तो कडेला आणि पट्ट्यांत मुरतो. डिलिव्हरीच्या आधीच्या तपासणीत एकदा चाक काढलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं, आणि याचा मला अजूनही राग आहे.

काम दीड तासाचं होतं. तारेच्या ब्रशने गंज काढला, पट्ट्या नवीन टाकल्या, पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं), पॅडची चमक पॉलिश पेपरने उतरवली, पॅडच्या पाठीला ब्रेकची पेस्ट. पॅडच्या कामाचं बिल लावायला निघाले होते, झिजणारा पार्ट वॉरंटीत नाही म्हणे. मी म्हटलं पॅड माझ्या वापराने झिजला नाही, पिन अडकली म्हणून झिजला, आणि हे लिहून द्या. बिल निघालं नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा गाडी हळू केली, पूर्ण न थांबवता, आणि मग ब्रेक न लावता थोडी पळवून थंड होऊ दिली. शिट्टी गेली.

आता सगळेच आवाज असे नसतात हेही सांगते, उगाच घाबरू नका. गाडी चालू करून निघाल्यावर पुढून एकदा घुर्र झालं तर बहुतेक एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःला तपासत असतो. पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला की सकाळी मागून टक् आवाज होऊन चाक सुटतं, बऱ्याच गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतो, त्याच्या आतले लायनर (घासणारे पट्टे) चिकटतात, म्हणून मी सपाट जागेवर गियरमध्ये टाकून चाकाला दगड लावते. ब्रेक न दाबताही सतत कर्रकर्र येत असेल आणि रिव्हर्स घेतल्यावर जात असेल तर डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडी अडकलेली असू शकते, आपल्या रस्त्यांवर हे फार होतं. पण लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, गाडी एका बाजूला ओढणं, पेडल खोल जाणं, जळका वास, यातलं काहीही असेल तर गाडी तिथेच उभी करा.

आणि कृपा करून, हात जोडून सांगते, डिस्कवर तेल, गंज सोडवायचा स्प्रे वगैरे काहीही मारू नका. मला आमच्याच ओळखीतल्या एकांनी "थोडं तेल सोड, आवाज बंद होईल" असा सल्ला दिला. आवाज होईल बंद, आणि कुंभार्लीच्या उतारावर गाडीही थांबणार नाही.

परवा कराडला जाऊन आले, पाऊस होता, मागे आई आणि दोन्ही पोरं. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्येच होते, ब्रेक लागेल तेवढाच. खाली पोफळीत चहाला थांबलो तेव्हा सवयीने उतरून दोन्ही पुढच्या चाकांशी हात धरला. दोन्ही सारखी गरम.