खुलासा : सीडी4 कमी आला म्हणजे एचआयव्ही झाला, असं नाही

लातूर, बीड, नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘सीडी4 पाचशेच्या खाली गेला की एचआयव्ही पक्का, दुसरी तपासणी नको.’ हे साफ चुकीचं आहे. असे मेसेज माणसाला नाहक हादरवतात.

सीडी4 म्हणजे विषाणू नव्हे, पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते असलेल्या टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 500 ते 1500 असतात; अहवालातला सीडी4 आकडा तो हाच. क्षयरोग, तीव्र संसर्ग, स्टेरॉइड यांनीही आकडा घसरतो.

एकट्या सीडी4 वरून पेशी ओळखताही येत नाही. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीवरही तो थोडा असतो. म्हणून फ्लो सायटोमीटर या पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर सीडी45 या पांढऱ्या पेशींच्या खुणेने आधी त्या वेगळ्या काढतात, मग सीडी3 (टी-पेशीची खूण) आणि सीडी4 दोन्ही असलेल्याच मोजतात. सीडी3 सोबत सीडी8 असेल तर ती मारक टी-पेशी. सीडी8 काही एनके पेशींवरही (नॅचरल किलर, आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सापडतो, पण त्यांच्यावर सीडी3 नसतो, सीडी56 असतो. बी-पेशीची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीची) खूण सीडी19.

सीडी4 तपासणीसाठी रक्ताचा नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत घ्यावा आणि नळी लगेच 8-10 वेळा हलकेच उलटी-सुलटी करावी. गुठळी झाली की नमुना बाद. बर्फावर ठेवू नये. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. 20 ते 25 अंशांत, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा.

एचआयव्हीचं निदान वेगळ्या रक्तचाचण्यांनी होतं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी) केंद्रात त्या मोफत होतात, नाव गुप्त राहतं.